नाशिकच्या नामावळ्यांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

रामकुंडाभोवतीच्या तीर्थोपाध्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या नामावळ्यांची, म्हणजे यजमान घराण्यांच्या नोंदवह्यांची, छायाचित्रे काढणे, त्यांतल्या मोडी नोंदी वाचणे आणि त्यांची गाववार सूची करणे, हे काम पंचवटी व जुन्या नाशकातल्या आम्ही काही रहिवाशांनी हाती घेतले आहे. त्यासाठी पैसा हवा आहे, आणि त्याहून जास्त मोडी वाचणारी माणसे हवी आहेत. म्हणून हे आवाहन.

ज्यांनी नामावळी कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर. नाशिकला यात्रेला, श्राद्धाला किंवा अस्थिविसर्जनाला आलेला माणूस आपल्या कुळाच्या उपाध्यांकडे जातो. उपाध्ये आधी आडनाव, जात आणि मूळगाव विचारतात, कारण कोणत्या गावचे यजमान कोणाचे हे पूर्वापार ठरलेले आहे. मग कापडात गुंडाळलेली वही निघते, त्या गावाचे पान उघडते आणि आलेल्या माणसाला त्याच्या पणजोबांचे नाव वाचून दाखवले जाते. यजमान तिथेच आपली नोंद करतो: स्वतःचे नाव, वडील, आजे, पणजे, भाऊ, चुलते, मुले, सध्या राहणार कुठले, कशासाठी आलो आणि तिथी. ज्याला लिहिता येत नसे त्याच्यासाठी उपाध्ये लिहीत.

एकाच पानावर तीन पिढ्या कशा बसतात ते पाहण्यासारखे आहे. वरची नोंद शके १७९० च्या आसपासची, म्हणजे १८६८ च्या सुमाराची. बोरूने लिहिलेली मोडी, आधी ओढलेल्या लांब रेघेखाली अक्षरे सलग लटकवलेली, दोन शब्दांमध्ये जागा नाही. तिच्याखाली मुलाची किंवा पुतण्याची नोंद टाकाने लिहिलेली, अक्षर बारीक झालेले, पण लिपी मोडीच. त्याखाली १९५० नंतर आलेल्या नातवाची नोंद बाळबोधीत म्हणजे देवनागरीत, फाउंटन पेनच्या निळ्या शाईत, आणि गावाच्या नावापुढे ‘हल्ली मुक्काम मुंबई’. घराणे गाव सोडून शहरात कधी गेले हे त्या तीन शब्दांत कळते. दुसऱ्या कुठल्याही सरकारी कागदात ते इतके सरळ सापडत नाही.

नामावळीचे मोल आणखी एका कारणासाठी आहे. श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांचाही नामोच्चार होतो, शिवाय आईच्या माहेरच्या तीन पिढ्या. त्यामुळे नोंद करणाऱ्याला बायकांची नावे आठवावी लागत आणि पुष्कळदा ती कागदावर उतरत. सातबारा, इनामाचे कागद, वारसनोंदी यांत जुन्या काळी बाईचे नाव येते ते बहुधा ती विधवा म्हणून जमिनीला वारस लागली तर. एरवी पिढ्याच्या पिढ्या नुसत्या पुरुषांच्या नावांवर चालतात. आपल्या पणजीचे नाव काय होते हे ज्यांना घरात कोणीच सांगू शकले नाही, त्यांना ते इथे मिळण्याची शक्यता आहे. आणि नोंद अस्थिविसर्जनाच्या वेळची असेल तर मृत्यूचा काळही हाती लागतो, तोही जन्ममृत्यूची नोंद आज ज्या कायद्याखाली होते तो १९६९ चा कायदा येण्याच्या कितीतरी आधीचा.

हे सगळे आता कोणत्या अवस्थेत आहे? वह्या ज्या वाड्यांत आहेत ते नदीच्या पुराच्या टप्प्यात आहेत. १९६९, २००८, २०१६ ही पुराची वर्षे नाशिककरांना सांगावी लागत नाहीत, रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले यावरून आपण ती लक्षात ठेवतो. काजळाची शाई उन्हाने सहसा फिकी पडत नाही, पण पाणी लागले की पसरते आणि पान वाचण्यापलीकडे जाते. वाळवी आणि कसर आहेतच. त्यात जुने वाडे पाडून इमारती होत आहेत, उपाध्यांची पुढची पिढी नोकरीनिमित्त बाहेर आहे, आणि भावांच्या वाटण्या झाल्या की वह्याही गाववार वाटल्या जातात. एक वही पंचवटीत, तिचा जोड दुसऱ्या शहरातल्या फ्लॅटच्या माळ्यावर, असे घडते. वही जपणाऱ्या घरात मोडी घडाघडा वाचणारे आता बहुतेक आजोबाच आहेत. ते आहेत तोवर हे काम व्हायला हवे, कारण कुठले गाव कोणत्या वहीत, कुठले घराणे कुठून उठून कुठे गेले, हे त्यांच्या डोक्यात आहे आणि ते कुठेही लिहिलेले नाही. सिंहस्थाची गर्दी सुरू झाली की त्यांना बोलायला सवड उरत नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते.

उपाध्ये मंडळींना एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. वही तुमची आहे आणि तुमच्याच घरात राहील. छायाचित्रण तुमच्या ओसरीवर, तुमच्यासमोर होईल. पूर्ण चित्रांचा एक संच तुम्हाला मिळेल. सूचीत फक्त गाव, आडनाव, नोंदीचा शक आणि कोणाकडे वही आहे एवढेच येईल. शोध घेणाऱ्याला पान पाहायचे असेल तर तो तुमच्याच दारी येईल. अलीकडच्या नोंदी, ज्यांतली माणसे हयात असू शकतात, सूचीत घेणार नाही. वृत्ती, म्हणजे पिढीजात उत्पन्न, बुडेल अशी भीती काही घरांत आहे आणि ती समजण्यासारखी आहे. आमचा विचार असा की सूचीमुळे उपाध्यांचे नावच विसरलेली घराणी पुन्हा त्यांच्याकडे येतील.

मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यापासून मोडी नोंदींचा शोध गावोगाव सुरू झाला आणि मोडी वाचकांना मागणी आली. चांगले झाले. मात्र आमचे काम जातीचा दाखला मिळवून देण्याचे नाही. आम्ही काढलेले चित्र पुरावा म्हणून देणार नाही आणि जातीची कोणतीही यादी करणार नाही.

हेही सांगायला हवे की सगळ्या समाजांना या वह्यांत सारखी जागा मिळालेली नाही. ज्या शहरात काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून १९३० साली डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला, तिथे याचे कारण वेगळे समजवायला नको. त्या घराण्यांचा, तसेच मुसलमान आणि ख्रिस्ती घराण्यांचा इतिहास दुसऱ्या कागदांत शोधावा लागतो: जुन्या शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे, तहसीलच्या अभिलेख कक्षातली कोतवाल बुके म्हणजे गाव नमुना १४, निकाहाच्या नोंदी, चर्चमधली बाप्तिस्म्याची पुस्तके. नमुना १४ मध्ये पुष्कळदा बाळाचे नावच नसते, ‘अमक्यास मुलगा झाला’ एवढेच असते, त्यामुळे तो एकट्याने पुरत नाही, शाळेच्या रजिस्टराशी जुळवून पाहावा लागतो. हे जुळवण्याचे कामही आम्हाला करायचे आहे. तुमच्या घरी, शाळेत, मशिदीत, चर्चमध्ये असे काही असेल तर कळवा.

आता मदतीविषयी.

मोडी वाचक सर्वांत आधी. पुराभिलेख संचालनालयाचा किंवा अन्य कुठला मोडीचा वर्ग केलेला असेल आणि सराव सुटला असेल तरी चालेल. नामावळीची भाषा ठरावीक असते, ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, मौजे, कसबे, परगणे ही गावाआधीची पदे, असे थोडे शब्द डोळ्यांत बसले की वाचनाला वेग येतो. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडीत पाळलेला नसतो, म्हणून गावाचे नाव ताडताना त्या तालुक्याची माहिती असलेला माणूस जोडीला लागतो. तेव्हा मोडी येत नसेल, पण निफाड, सिन्नर, येवले, बागलाण, चांदवड या भागांतली गावे पाठ असतील, तरी तुमचा उपयोग आहे. तिथ्या आणि सन बदलून देणारेही हवेत: इसवी सन काढायला शकात ७८ किंवा ७९ मिळवायचे, फसली या महसुली सनात ५९० किंवा ५९१, मराठेशाहीच्या कागदांतल्या सुहूर सनात ५९९ किंवा ६००, आणि महिना पाहून दोहोंतले कोणते ते ठरवायचे.

पैसा लागणार आहे तो वह्या ठेवायच्या आम्लविरहित पेट्यांसाठी, शिवण उसवू न देता वही अर्धी उघडी धरणाऱ्या स्टँडसाठी, दिव्यांसाठी, चित्रांच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवण्यासाठी आणि फाटलेली पाने प्रशिक्षित माणसाकडून सांधून घेण्यासाठी. यातला शेवटचा खर्च मोठा आहे, पण टाळता येणार नाही. काही पानांना प्रेमापोटी चिकटपट्टी लावलेली आहे, काहींचे लॅमिनेशन झालेले आहे, आणि ते काढणे नवख्या हाताचे काम नाही. एखाद्या घराण्याने किंवा गावाने मिळून एका वहीचा खर्च उचलला तर फार बरे होईल. ती वही कोणाच्या मदतीने जपली गेली हे सूचीत नोंदवू. देणगी कितीही असो, पावती मिळेल आणि हिशेब वर्षाअखेर सर्वांसमोर मांडला जाईल. रोख रकमेऐवजी धनादेश किंवा खात्यावर जमा करणे सोयीचे.

स्वतःच्या घराण्याचा शोध घ्यायला येणाऱ्यांनीही मोकळ्या हाताने येऊ नये. नुसते आडनाव घेऊन आलात तर फारसे निघत नाही. जुन्या नोंदींत पुष्कळदा आडनावच नसते, पाटील, कुलकर्णी, सुतार, माळी असा हुद्दा किंवा धंदा असतो. मग गावावरूनच जावे लागते. मूळगाव, कुलदैवत, जितक्या पिढ्यांची नावे आठवतात तितकी, आणि कोणी पूर्वी नाशिकला येऊन गेल्याचे घरात बोलले जात असेल तर साधारण साल, एवढे कागदावर लिहून आणा. घरातल्या सर्वांत वयस्क बाईंना आधी विचारा. माहेरची आणि सासरची, दोन्हीकडची नावे बहुधा त्यांनाच माहीत असतात. घरी सनदा, खरेदीखते, वंशावळी, जुनी पत्रे असतील तर त्यांची दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, कागद सपाट ठेवून चित्रे काढून आणा. मूळ कागद प्रवासात आणू नका, चिकटपट्टी लावू नका आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत दमट धरते. सुती कापडात गुंडाळून, जमिनीपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवा, आणि हे पावसाळ्याआधी करा.

आपले,
नामावळी जतनाच्या कामातील सर्व कार्यकर्ते
पंचवटी व जुने नाशिक