पावसाचा धडा पावसातच शिकवू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा सुरू झाल्या, पाऊसही लागलाय, म्हणून हे पत्र आत्ताच लिहितेय. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकवते, पहिली ते चौथी सगळी मुलं एकाच खोलीत बसतात. माझी मागणी एकच आहे, परिसर अभ्यास हा विषय पुस्तकातल्या क्रमाने न घेता बाहेर जो ऋतू चाललाय त्याप्रमाणे शिकवायची मोकळीक प्राथमिक शिक्षकांना द्यावी, आणि ती लेखी द्यावी. लेखी अशासाठी की तोंडी सगळेच म्हणतात करा, ॲक्टिव्हिटी करा, 2020 च्या नव्या शैक्षणिक धोरणातही करून शिकण्यावर भर आहे, पण तपासणीला कोणी आलं की पहिला प्रश्न पोर्शन कुठवर आलं आणि दुसरा वह्या पूर्ण आहेत का.

आता पावसाचंच बघा. पर्जन्यमापक करायला पैसा लागत नाही. सरळ अंगाची प्लास्टिकची बाटली वरून कापायची, कापलेलं तोंड उलटं करून नरसाळ्यासारखं तिच्यातच बसवायचं, झालं. बाटलीचा तळ खालीवर असतो म्हणून आधी थोडे खडे टाकून ते बुडेपर्यंत पाणी ओतायचं, त्या पातळीला शून्य धरायचं आणि पट्टी तिथून वर चिकटवायची. हे शून्य नुसतं सांगून कळत नाही हो. आमच्या दुसरीतल्या एका मुलीने पट्टी अगदी तळापासून लावली आणि तिचा पाऊस सगळ्यांपेक्षा जास्त भरला, त्यावरून वर्गात जोरदार भांडण झालं, आणि शेवटी तिनेच शोधून काढलं की पाऊस यायच्या आधीचं पाणीपण मोजलं जातंय. फणसाखाली ठेवलेल्या बाटलीत पाणी कमी आलं आणि पागोळीखालची तर भरून वाहायला लागली, मग बाटली उघड्यावरच का ठेवायची हे कोणाला समजावून द्यावं लागलं नाही.

तिसरी चौथीची मुलं त्याच्या पुढे जातात. पडवीत खडूने एक मीटरचा चौकोन काढायचा आणि सांगायचं की एवढ्या जागेवर 1 मिलीमीटर पाऊस पडला की बरोबर 1 लिटर पाणी होतं. शाळेचं छप्पर 50 चौरस मीटर धरलं आणि दिवसाला 100 मिलीमीटर पाऊस झाला, जो आपल्या गोव्यात काही नवलाचा नाही, तर छपरावरून 5000 लिटर पाणी ओहोळात जातं. हा आकडा मुलांनी स्वतः काढला तेव्हा एकाने लगेच विचारलं, मग मे महिन्यात आमच्या वाड्यावर टँकर का येतो? असा प्रश्न स्वाध्यायात कुठे सापडेल?

सावलीचंही तसंच. एक काठी अंगणात सरळ रोवायची आणि भर दुपारी सावलीच्या टोकाला खूण करायची. भर दुपार म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत, आपल्याकडे सूर्य साधारण साडेबाराच्या आसपास माथ्याशी येतो कारण घड्याळ देशाच्या मधल्या रेखांशावर चालतं आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला आहोत. डिसेंबरात मीटरभर काठीची सावली 80 सेंटीमीटरच्या आसपास भरते आणि उत्तरेकडे पडते, जूनमध्ये ढगांतून ऊन मिळालं तर तीच सावली इवलीशी होऊन दक्षिणेकडे वळलेली दिसते. पुण्यामुंबईतही हे दिसतं पण आपण आणखी दक्षिणेला म्हणून इथे जास्त ठळक. सूर्य वर्षभर एकाच वाटेने जात नाही हे एका काठीने कळतं, पण त्यासाठी काठीकडे महिन्यातून एकदा वर्षभर जावं लागतं, एका तासिकेत धडा उरकून ते होत नाही.

गणेशचतुर्थीचं तर काय सांगू. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर फळं-वेली टांगायच्या लाकडी चौकटीला, कवंडळ, कांगलां, तोरिंगण, सुपारीचं शिपटं, चिबूड असं किती काय काय बांधतात. बांधायच्या आधी मुलांनी एकेक नमुना शाळेत आणला तर वेल कोणता, झाड कोणतं, बी कशाने पसरतं, लालभडक असूनही कवंडळ का खायचं नाही, सगळा वनस्पतींचा अभ्यास तिथेच होतो. आणि कुठल्या डोंगरावर काय मिळतं ते मुलं आजोबांबरोबर फिरून आलेली असतात, त्यामुळे त्या दिवशी माहिती देणारी ती आणि लिहून घेणारी मी.

काजूचा मोहर, मग बी आधी धरते आणि देठ फुगून बोंडू नंतर होतो, हे एका घोसाला रंगीत दोरा बांधून दर आठवड्याला चित्र काढलं की कळतं. नेमकी तेव्हा वार्षिक परीक्षेची घाई असते.

आपल्याकडे विज्ञान म्हटलं की 28 फेब्रुवारीचं प्रदर्शन आठवतं. त्यात आईबाबांनी रात्री जागून केलेला थर्माकोलचा ज्वालामुखी असतो, मुलाने पाठ केलेली चार वाक्यं असतात आणि बक्षीस असतं. मला हे बघून वाईट वाटतं, कारण त्यात मुलाने स्वतः काही पाहिलेलं नसतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा काढली, गुरं राखणाऱ्या मुलांकडे शाळाच नेली, ते आपण डीएडला शिकतो आणि वर्गात आल्यावर विसरतो.

पालकांची भीती मला मान्य आहे. पोर भिजेल, आजारी पडेल, गवतात साप असेल. म्हणून आमच्याकडे गमबूट आणि रेनकोट असल्याशिवाय बाहेर नाही, पाचोळ्यात हात घालायचा नाही, बेडूक पकडायचा नाही, त्याची अंडी डबक्यातच बघायची, आणि जोराचा पाऊस असेल तर पडवीतूनच. पट कमी म्हणून आमच्या शाळांना नावं ठेवतात, पण दहापंधरा मुलांना अंगणात नेऊन प्रत्येकाकडे लक्ष ठेवता येतं, चाळीसच्या वर्गात ते कठीण आहे.

खात्याकडे मागणं फार नाही. वार्षिक नियोजनात धडे मागेपुढे करायची मुभा द्या, मुलांच्या निरीक्षणवहीला स्वाध्यायाइतकाच मान द्या आणि शाळेमागे एक साधा थर्मामीटर द्या, बस.

आपल्या पेपरकडेही एक विनंती आहे. पावसाचे आकडे तुम्ही छापता, वाळपईत इंचांची शंभरी झाली की ठळक बातमीही येते. पण आमच्या पट्टीवर मिलीमीटर आहेत, तेव्हा पेडणे, म्हापसा, वाळपई, फोंडा, सांगे, काणकोण या केंद्रांचा पाऊस रोज एका ठरलेल्या जागी मिलीमीटरमध्येपण छापाल का? हवामान खातं सकाळी साडेआठला मोजतं, आम्हीही हजेरी झाली की त्याच वेळेला मोजतो. आकडा शेजारी मिळाला तर मुलं रोज ताडून बघतील आणि कुठे चुकलो ते शोधतील.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, डिचोली