शलमोनाने मंदिर सोडलं नव्हतं

प्रिय विनू,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझं पत्र पोचलं. रस्त्यावर ५० मिमीचा थर असताना एम.बी.त (कामाच्या मोजमाप-वहीत) ७५ लिहून सही केलीस, हे तू आपणहून कळवलंस, म्हणजे ते तुला टोचतंय. पण लगेच खाली लिहिलंस, "मी पैशाला हात लावत नाही, रविवारची उपासना चुकवत नाही, दशांश वेळेवर देतो." मी अडलो ते या ओळीपाशी.

सध्या बायबलमधलं 'पहिले राजे' हे पुस्तक पुन्हा वाचतोय, इस्राएलचा राजा शलमोन त्यातलाच. संडे स्कूलमध्ये आपल्याला शलमोन म्हणजे एका बाळासाठी भांडणाऱ्या दोन आया आणि त्याचा निवाडा, एवढाच कळला. म्हातारपणी बायकांनी त्याला बिघडवलं, असं सांगून पाळकही झटकन पुढे जातात. (बायकांवर ढकललं की सुटलो!) पण सुरुवात फार आधीची आहे. देवाने स्वप्नात दर्शन देऊन "काय हवं ते माग" म्हटलं, त्याच्या आधीच मिसरच्या (इजिप्तच्या) राजाची, फारोची मुलगी बायको म्हणून घरात आलेली. राजकारणात अशी सोयरीक कोण नाकारील? मग १,४०० रथ, १२,००० स्वार, मिसराहून घोडे. 'अनुवाद' या मोशेच्या पुस्तकाच्या १७व्या अध्यायात राजासाठी नियम स्वच्छ लिहिलेत: घोडे फार बाळगू नकोस, बायका फार करू नकोस, सोनंरुपं फार साठवू नकोस. तिन्ही मोडले, आणि बरीच वर्षं काहीच बिघडलं नाही. उलट एका वर्षात ६६६ किक्कार (तेव्हाचं मोठं वजन) सोनं आलं, शबाची राणी येऊन तोंड भरून कौतुक करून गेली. त्याला तो आशीर्वादच वाटला असणार.

आणि पहिले राजेच्या नवव्या अध्यायातलं एक वचन बघ. वर्षातून तीनदा तो स्वतः बांधलेल्या वेदीवर होमबली अर्पण करत असे. पुढे यरुशलेमेसमोरच्या डोंगरावर त्याने कमोशासाठी, म्हणजे मवाबी लोकांच्या दैवतासाठी, पूजेचं स्थान बांधलं, तेव्हाही त्याने मंदिराला कुलूप घातल्याचं कुठे लिहिलेलं नाही. शास्त्र एवढंच म्हणतं, की त्याचं मन पूर्णपणे परमेश्वराकडे राहिलं नाही. त्याला कुणी टोकलं असतं, तर त्यानेही तुझीच ओळ ऐकवली असती. त्या डोंगरावरची ती स्थानं यहूदाचा राजा योशीयाने भ्रष्ट केली, ती सुमारे ३०० वर्षांनी. तोवर किती पिढ्या तिथे गेल्या असतील!

तुला दानीएल आवडतो. तोही परक्या राजाच्या दरबारातला सरकारी नोकरच. वैऱ्यांनी आधी त्याचा कारभार चाळला, त्यात काही सापडेना, तेव्हा कुठे ते प्रार्थनेवर घसरले. तुझ्या प्रार्थनेला ऑफिसात कुणी हात लावणार नाही रे, त्यांना फक्त तुझी सही हवी आहे.

बदलीची भीती मला कळते. पोरीची बारावी आहे, वहिनींची नोकरी तिथेच. तरी पुढच्या बिलाआधी कोर (रस्ता कापून काढलेला नमुना) काढायला लाव, निघेल तेवढीच जाडी लिही आणि वरिष्ठांना तसं लेखी कळव. तोंडी बोलण्यावर जाऊ नकोस. झालेल्या नोंदीचं काय करायचं, ते मात्र फोनवर नको. शनिवारी मी येतो, एम.बी.च्या पानांची नक्कल काढून ठेव. मुक्कामालाच येईन. वहिनींना सलाम सांग, आणि माझ्यासाठी मटण वगैरे काही करायला लावू नकोस, डॉक्टरने बंद केलंय.

तुझा,
अशोक