सूचना : हायजिनिस्टच्या कामाची हद्द आणि नोंदणी

सर्व सभासदांना नमस्कार.

दंतवैद्यक कायदा, 1948 मध्ये डेंटल हायजिनिस्टचे काम स्पष्ट लिहिले आहे : दातांचे स्केलिंग (दातांवर साचलेला कडक थर खरवडून काढणे), सफाई, पॉलिशिंग आणि मुखस्वच्छतेची माहिती देणे. दाढ काढणे किंवा भुलीचे इंजेक्शन देणे यात येत नाही, मग डॉक्टर कितीही घाईत असोत. परवा एक आजी आपल्या एका सभासद ताईंना म्हणाल्या, "बाई, हलतेच आहे, तूच काढून टाक." ताईंनी स्केलर ट्रेमध्ये ठेवला आणि डॉक्टरांना हाक मारली. फार बरे वाटले ऐकून.

नुसता डिप्लोमा पुरत नाही, राज्य दंत परिषदेकडे नोंदणीही हवी. आपले प्रमाणपत्र आजच काढून मुदत बघा. 2023 मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोग कायदा मंजूर केला आहे, त्यामुळे नवी परिपत्रके न चुकता वाचावीत.

– सचिव