सीडी 'आपोआप' सुरू होण्याची अट काढा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शैक्षणिक साहित्याच्या एका स्पर्धेची मुदत संपत आल्याने आमच्या डीटीपीच्या दुकानात सध्या शिक्षकांची रीघ लागली आहे. नियमावलीत अट आहे : 'पॉवरपॉइंट सादरीकरण सीडीवर द्यावे. सीडी घालताच ते आपोआप सुरू झाले पाहिजे.' ही अट लिहिणाऱ्यांचे घड्याळ विंडोज एक्सपीच्या काळातच थांबलेले दिसते.

तेव्हा हे जमायचे. पॉवरपॉइंट २००३ मध्ये 'पॅकेज फॉर सीडी' अशी सोय होती. तीत सादरीकरणासोबत ते दाखवणारा व्ह्यूअरही सीडीवर जायचा आणि ऑटोरन नावाची दोन-तीन ओळींची फाइल संगणकाला सांगायची, की आधी हा व्ह्यूअर उघड. ती फाइल फोल्डरच्या आत गेली, किंवा नोटपॅडने तिच्या नावामागे गुपचूप 'टीएक्सटी' चिकटवले, की सीडी ढिम्म हलत नसे.

पुढे याच ऑटोरनचा आडोसा घेऊन पेनड्राइव्हमधून व्हायरस पसरले. २००८-०९ मधला कॉनफिकर हा व्हायरस अनेकांना आठवत असेल. मग मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्हचे ऑटोरन बंद केले. सीडीचे राहिले, पण एक्सपीनंतरच्या व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोज आधी 'चालवू का?' असे विचारते. ते योग्यच आहे, कोणाच्याही सीडीवरचा प्रोग्रॅम न विचारता का चालावा? शिवाय पॉवरपॉइंटच्या २०१० च्या आवृत्तीपासून पॅकेजमध्ये व्ह्यूअर येत नाही आणि २०१८ मध्ये तो मायक्रोसॉफ्टने काढूनच टाकला. 'पीपीएस' म्हणून सेव्ह केलेली फाइल थेट स्लाइड शोमध्ये उघडते खरी, पण त्यासाठी समोर पॉवरपॉइंट हवे आणि डबल क्लिक करणारा माणूसही हवा.

खरे नुकसान वेगळेच होते. एका बाईंनी जलचक्रावर सुंदर सादरीकरण केले होते, ढग सरकतात, थेंब पडतात. मजकूर मात्र जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची सामाईक पद्धत) नसलेल्या फॉण्टमध्ये. तो फॉण्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली तर 'बाष्पीभवन'च्या जागी इंग्रजी अक्षरे आणि कंस. परीक्षक काय वाचणार आणि गुण कशाला देणार?

यावर उपाय पॉवरपॉइंटमध्येच आहे. प्रत्येक स्लाइड किती सेकंद थांबावी ते ठरवायचे आणि एक्सपोर्टमधून व्हिडिओ करायचा. पॉवरपॉइंट २०१३ पासून एमपी-४ ही व्हिडिओ फाइल मिळते. अक्षरे चित्रात उतरतात, त्यामुळे फॉण्टची भानगड उरत नाही. आवाजही आतच राहतो, गाण्याची फाइल मागे राहिली म्हणून मुकी स्लाइड दिसत नाही. मोबाइलवरसुद्धा चालते. व्हिडिओत बटणे दाबून सोडवायच्या प्रश्नमंजूषा मात्र मरतात, म्हणून मूळ फाइलही सोबत मागावी.

आणि सीडीच कशाला? बहुतेक नव्या लॅपटॉपना ड्राइव्हच नसतो. गावोगावचे शिक्षक आधी सीडी शोधतात, मग सीडी राइटर असलेले दुकान. आम्हाला दोन पैसे मिळतात, तक्रार नाही. पण ते पैसे शिक्षकांच्या खिशातून जातात.

आयोजकांनी मुदतीआधी शुद्धिपत्रक काढावे. एक ओळ पुरेल : 'सादरीकरण एमपी-४ स्वरूपात, सोबत मूळ फाइल, पेनड्राइव्हवर द्यावे.'

– एक डीटीपी व्यावसायिक, विटा (जि. सांगली)