कडी

चिऊ,

मंगळवारी रात्री तू म्हणालीस, "आई, तू मला कोंडून ठेवतेस," आणि दार आपटून आत गेलीस. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बराच वेळ उभी राहिले. बाबांना वाटलं मला राग आला. राग नव्हता गं. ते वाक्य सव्वीस वर्षांपूर्वी मला कुणाला तरी म्हणायचं होतं, आणि ते ऐकायची पाळी माझ्यावर आली.

दिवसातून चार फोन, मोबाईलवर तुझं लोकेशन, तुझ्या मैत्रिणींच्या आयांचे नंबर. तू गेल्यावर नागपूरच्या होस्टेलच्या रेक्टरबाईंना मी काय काय विचारणार होते, त्याची यादीसुद्धा करून ठेवली होती. तुझं बरोबर आहे. पण हे माझ्यात कुठून आलं ते तुला कधी सांगितलं नाही. "आईचं माहेर नाही" एवढ्यावरच मी तुला वाढवलं. आता तुला अठरा पूर्ण झाली, आता सांगते.

आमची वस्ती माण तालुक्यात, गावापासून कोस-दीड कोस आत. दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, भावकीशी जमिनीवरून वाजलं आणि ते गावातलं घर सोडून शेतात राहायला गेले. मी तेव्हा सहा वर्षांची. आधी गावकीशी बोलणं बंद झालं. मग आईचं माहेर बंद झालं. मग सण. रेडिओ होता, पण त्यातले सेल दादांच्या खिशात. शेतावर गडी आले की मी आणि तुझा मामा आत. आई सांगायची, रस्त्यावर मुलींना गाडीत घालून नेतात आणि विकतात. मी ते खरं मानत होते. कोण सांगणार होतं मला की खोटं आहे?

१९९४ साली मी सातवी झाले. गावातली शाळा सातवीपर्यंतच होती, हायस्कूल दुसऱ्या गावाला. दादा स्वतः जाऊन माझा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आले, घडी करून ट्रंकेत ठेवला आणि कुलूप लावलं. म्हणाले, "झालं शिक्षण." मुलांना चौदा वर्षांपर्यंत शाळेत ठेवलंच पाहिजे असा कायदा आपल्याकडे लागू झाला १ एप्रिल २०१० ला. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि तू अंगणवाडीत जायला लागली होतीस. पेपरात ती बातमी वाचून मी रडले, तेव्हा तुझ्या बाबांना काही कळेना.

मारायचे कासऱ्याने. बैलाचा कासरा. त्याबद्दल फार लिहीत नाही, माझ्या पाठीवरचं तू लहानपणी बोट फिरवून विचारलं होतंस आणि मी "गाडीवरून पडले होते" असं सांगितलं होतं. खोटं बोलले, माफ कर. पण मारापेक्षा कडब्याची खोली वाईट. भाकऱ्या मोजलेल्या असायच्या, एक कमी भरली की तिथे. दादांच्या पुढ्यात हसलं की तिथे. आत कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या, दाराखाली बोटभर फट. सकाळी उजेडाची रेघ माझ्या पायांपाशी असायची, दुपारी आखडून उंबऱ्याला चिकटायची. त्या रेघेवरून मी वेळ ओळखायची. लोखंडी कडी होती, गंजलेली. लावताना एकदा वाजायची आणि काढताना दोनदा, कारण काढताना ती आधी अडकायची. दोनदा वाजली की समजायचं, आज सुटलो. तुझ्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी नाही, बघितलंस कधी? या घरात आलो त्याच दिवशी सुतार बोलावून मी सगळ्या दारांच्या बाहेरच्या कड्या काढून घेतल्या.

तू विचारशील, आजी काय करत होती. ती माझ्या शेजारी झोपायची आणि मी झोपेत काय पुटपुटले ते सकाळी दादांना सांगायची. तिलाही मार होता, तिलाही माहेर नव्हतं, हे मला आता कळतं. कळलं म्हणून ती गाठ सुटते असं नाही. गेल्या वर्षी ती गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी भाजी निवडत बसले होते आणि निवडतच राहिले. तुला वाईट वाटलं होतं माझं. मला अजूनही नीट सांगता येत नाही.

तू पाचवीत असतानाची गोष्ट तुला आठवेल. टीव्हीवर बातमी लागली होती आणि माझ्या हातातून ताट पडलं. कॅलिफोर्नियातल्या पेरिस नावाच्या गावातली बातमी. तिथे एका घरात आईबापांनी तेरा मुलं डांबून ठेवली होती, सगळ्यांत धाकटं दोन वर्षांचं, सगळ्यांत मोठी मुलगी एकोणतीस वर्षांची. त्या मोठीचं वजन होतं सदतीस किलो. कागदोपत्री तिथे बापाच्या नावाने घरगुती शाळा होती, ती तपासायला कुणी येत नव्हतं. १४ जानेवारी २०१८ ला सतरा वर्षांची एक मुलगी खिडकीतून उतरली. तिच्याकडे एक जुना मोबाईल होता, त्याची सेवा बंद केलेली, पण तशा फोनवरूनही पोलिसांचा तातडीचा नंबर लागतो. तिला स्वतःच्या घराचा पत्ता तोंडपाठ नव्हता, कागदावरून वाचून सांगावा लागला. नंतर तिने एका मुलाखतीत सांगितलं की ती रस्त्याच्या मधोमध उभी होती, कारण माणसांनी फुटपाथवरून चालायचं असतं हे तिला माहीतच नव्हतं.

चिऊ, लोक म्हणतात, मग इतकी वर्षं पळून का नाही गेली? दार उघडं होतं, खिडकी होती. मलाही म्हणाले. अगं, पळून जायचं म्हणजे कुठे, हे माहीत असावं लागतं. रस्त्यावर उभं कसं राहायचं हेच ज्याला शिकवलं नाही, त्याला उघडं दार दिसून काय उपयोग?

मला पत्ता मिळाला तो ट्रंकेत. दर दिवाळीच्या आधी मला ती आतून पुसायला लावायचे, दादा समोर बसलेले. तळाशी मावशीची आंतरदेशीय पत्रं होती, आईला कधीच न दिलेली. पाठीमागे हडपसरचा पत्ता. एका दिवाळीला मी पहिली ओळ पाठ केली, पुढच्या दिवाळीला दुसरी. दोन वर्षं लागली. तुझा मामा तेव्हा अकरा वर्षांचा, रोज सकाळी गावातल्या डेअरीत दूध घालायला जायचा. बाहेर जायची मुभा फक्त त्याला, तीही घड्याळ लावून. डेअरीच्या वाटेवरच माझ्या सातवीच्या बाईंचं घर. मी त्याला पत्ता पाठ करून घेतला आणि त्याने तो बाईंना म्हणून दाखवला, कविता म्हणावी तसा. बाईंनी पोस्टकार्ड लिहिलं. उत्तर त्यांच्याच घरी आलं आणि मामाने ते मला तोंडी सांगितलं: ये म्हणते.

जून १९९९. दादा जमिनीच्या तारखेला कोर्टात गेले होते. आदल्या रात्री पाऊस झालेला, रान चिखल. वाटेने गेले असते तर पावलं उमटली असती, म्हणून ओढ्यातल्या दगडांवरून गेले, चपला हातात घेऊन. मामाला मी ओढ्यापर्यंत आणलं होतं. तिथून तो मागे फिरला. म्हणाला, "ताई, दुधाची वेळ झाली. मी गेलो नाही तर त्यांना लगेच कळेल." पेरिसच्या त्या मुलीबरोबरही एक धाकटी बहीण खिडकीतून उतरली होती आणि घाबरून परत गेली. ते ऐकलं आणि माझ्या हातातलं ताट पडलं ते त्यामुळे, चिऊ. अकरा वर्षांच्या पोराला मी त्या घरात परत जाऊ दिलं. त्याने माझ्या वाटचा कासरा खाल्ला.

बाईंनी मला सातारा गाडीत बसवून दिलं, कंडक्टरला सांगितलं, पुढची गाडी दाखवा हिला. मी सबंध वाटभर त्याच्याकडे बघत होते की हा मला कुठे विकणार. स्वारगेटला मावशी उभी होती. तिने मला जवळ घेतलं तेव्हा मी हात वर केले, डोकं झाकायला.

आठवड्याने पोलीस आले. दादांनी मुलगी सोळा वर्षांची आहे, फूस लावून पळवली, अशी तक्रार दिली होती. ठाण्यात एक साहेब म्हणाले, "बाप आहे, दोन रट्टे घालणारच. जा घरी." माझ्याकडे वयाचा कागद नव्हता. तो ट्रंकेत होता. मग बाईच शाळेत गेल्या, जनरल रजिस्टर काढून त्यावरून दाखल्याची दुसरी प्रत बनवून घेतली आणि स्वतः पुण्याला घेऊन आल्या. जन्मतारीख एप्रिल १९८१. अठरा वर्षं दोन महिने. तो कागद टेबलावर ठेवला आणि त्याच साहेबांना म्हणावं लागलं, सज्ञान आहे, तिची मर्जी. माझ्या अख्ख्या आयुष्यात माझ्या मर्जीचं नाव कुणी घेतलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

बाहेर पडले म्हणजे सुटले असं मात्र समजू नकोस. त्या तेरा भावंडांच्या आईबापांना २०१९ मध्ये किमान पंचवीस वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा झाली, पण त्यातल्या काही मुलांना ज्या घरी सांभाळायला दिलं, तिथेही त्यांचे हालच झाले. माझं तेवढं वाईट झालं नाही. मावशी होती. मी कापडाच्या दुकानात काजं-बटणं केली, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली, मग बारावी, मग मुक्त विद्यापीठातून बी.ए. पण हॉटेलात बसून स्वतः काय खायचं ते सांगायला मला तीन वर्षं लागली. मावशी विचारायची, "चहा की कॉफी?" आणि माझ्या पोटात गोळा यायचा, की चुकीचं उत्तर दिलं तर?

मामा सोळाव्या वर्षी आला, तोही ओढ्यानेच. मुंबईत १९९६ पासून १०९८ हा लहान मुलांसाठीचा मदतीचा फोन सुरू होता. आमच्या वस्तीवर ना फोन होता, ना असं काही असतं याची खबर. आज कायदा आहे, मुलाला असं छळणाऱ्या आईबापालाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ते मी मामाला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "तेव्हा कुणी दार तरी वाजवायला हवं होतं."

आता तुझं. मी दादांसारखी नाही हे मला पक्कं माहीत आहे, आणि तरी मंगळवारी तुझ्या तोंडून ते वाक्य आलं. ते घाबरवून कोंडायचे, मी घाबरून कोंडते आहे. आतल्या माणसाला दोन्हींत फरक कळत नाही. मला तो फरक समजावून सांगायचा नव्हता, थांबायचं होतं. लोकेशन मी काल रात्री बंद केलं, तू तुझ्या फोनमध्ये तपासून घे. रेक्टरबाईंसाठी केलेली यादी फाडली. रविवारी तू फोन कर, तुझ्या वेळेला. नाही केलास तर मी सोमवारपर्यंत थांबेन. जमेल का ते माहीत नाही, पण थांबेन.

तुझ्या टेबलावर निळी फाईल ठेवली आहे. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, आधार, पॅन, बँकेचं पासबुक. सगळी मूळ कागदपत्रं आहेत, झेरॉक्स नाहीत. आजवर ती माझ्या कपाटात होती, आता तुझी तू सांभाळ. दाखल्याच्या चार झेरॉक्स वेगळ्या काढून ठेव.

मामा शनिवारी येतोय तुला सोडायला. त्याला तुला जे विचारायचं ते विचार, तो सांगेल, मी त्याच्याशी बोलले आहे. फक्त रात्री त्याच्या खोलीचं दार ओढून घेऊ नकोस. तो अजूनही दार उघडं टाकूनच झोपतो.

तुझी,
आई