पोपट घेणाराही दोषीच

संपादक महोदय,

आठवडी बाजारात पोपट, मुनिया राजरोस विकायला येतात आणि हौसेने घेणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन्य पक्षी सापळ्यात धरणे, इतकेच काय, त्याची अंडी-घरटी विस्कटणे हीसुद्धा शिकारच. २०२२ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण गुन्ह्याचा कमाल दंड २५ हजारांवरून एक लाखावर नेला. तीन वर्षांपर्यंत कैद आहेच. पण सापडतो तो बहुधा जाळे लावणारा गरीब. गॅलरीत पिंजरा टांगून ‘मिठू मिठू’ करणाऱ्या सुशिक्षिताला कोण विचारतो? असा पक्षी बाळगणेही गुन्हा असल्याचे फलक वन विभागाने निदान बाजाराच्या दारात तरी लावावेत.

– एक वाचक, सातारा