गणपतीला निघायच्या आधी काचेवर पाणी येतंय का तेही बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गणपतीला कोकणात गाडी घेऊन येणाऱ्यांसाठी दरवर्षी पेपरात सूचना येतात. टायर बघा, ब्रेक बघा, लाईट बघा, घाटात ओव्हरटेक करू नका. सगळं बरोबरच आहे, पण पुढच्या काचेवर पाणी मारणारा वॉशर चालतो का हे बघायला कुणी सांगत नाही, आणि मी चिपळूणला राहतो, वर्षभर मुंबई-गोवा हायवेवर गाडी चालवतो, त्यामुळे हे पत्र लिहावंसं वाटलं.

लोक म्हणतात पावसात वॉशर कशाला, वरून पाणी पडतंयच की. इथला पाऊस तसा नसतो हो. सर येते नि जाते, वरून थेंब नसतो पण रस्ता ओला असतो, पुढे डंपर असतो आणि कामं चालू असलेल्या पट्ट्यातला लाल चिखल त्याच्या चाकांवरून थेट आपल्या काचेवर येतो. अशा वेळी नुसता वायपर फिरवला की तो चिखल सारवल्यासारखा अख्ख्या काचेवर पसरतो आणि समोरचं काहीच दिसत नाही. ताशी १०० ने गाडी सेकंदाला साधारण २८ मीटर जाते, ६० ने म्हटलं तरी १६-१७ मीटर, म्हणजे तीन सेकंद दिसलं नाही तर गाडी पन्नास मीटर आंधळी गेली. वर चिखलातली वाळू कोरड्या काचेवर घासून चरे पडतात ते वेगळंच, आणि ते चरे रात्री समोरच्या लाईटमधे असे चमकतात की पुढचा माणूस दिसत नाही. मी असे ड्रायव्हर बघितलेत जे चालत्या गाडीतून हात बाहेर काढून बाटलीतलं पाणी काचेवर ओततात. घाटात! मागे बायकापोरं बसलेली असताना!

बरं, वॉशर बंद पडला म्हणून गाडी गॅरेजला नेली तर बऱ्याच ठिकाणी न बघताच सांगतात की टाकीतलं पाणी काचेकडे ढकलणारी मोटर गेली, बदलावी लागेल. जाते कधीकधी, नाही असं नाही. पण खूपदा कारण अगदी किरकोळ असतं आणि ते घरच्या घरी कळतं, फक्त कुठून सुरुवात करायची ते माहीत पाहिजे.

पहिलं म्हणजे टाकीत पाणी आहे का. बोनेटमधे ज्या झाकणावर काच आणि फवाऱ्याचं चित्र असतं ती वॉशरची टाकी. शेजारी कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची टाकी असते, दोन्हीत गल्लत करू नका, वॉशरमधे कूलंट तर अजिबात नको, काचेवर तेलकट थर बसतो. भरलेली टाकी चार दिवसांत न वापरता रिकामी झाली तर ती फुटलेली असू शकते. बऱ्याच गाड्यांमधे ती बंपरच्या किंवा मडगार्डच्या आत असते, त्यामुळे पार्किंगमधे बसलेल्या हलक्या धक्क्यातही तडा जातो आणि बाहेरून काही दिसत नाही. गाडीखाली ओल दिसते का बघायचं.

पाणी असेल तर मग आवाज ऐका. सगळ्यात जास्त यावरूनच कळतं. इंजिन बंद, इग्निशन ऑन, एसीचा पंखा बंद, एकानं आत बसून स्टिअरिंगजवळची वायपर-वॉशरची दांडी ओढायची आणि दुसऱ्यानं बोनेटपाशी कान द्यायचा. घूंऽऽ असा बारीक आवाज आला म्हणजे मोटर फिरतेय, करंट पोचतोय, गडबड पुढे पाण्याच्या वाटेत आहे. आवाजच नाही तर गडबड बहुतेक करंटची किंवा मोटरचीच. ज्यांना मागेही वायपर आहे त्यांना अजून एक सोय आहे, बऱ्याच हॅचबॅकमधे पुढच्या नि मागच्या काचेला एकच मोटर असते, एकीकडे फिरली की पुढे पाणी, उलटी फिरली की मागे. तेव्हा मागे पाणी येतंय आणि पुढे येत नाही, तर कुणी मोटर बदलायला सांगितलं तरी आधी नोझल (काचेवर फवारा सोडणारं बारीक तोंड) नि पाईप बघायला लावा.

आवाज येतोय पण पाणी नाही, तर बोनेट उघडून नोझलच्या मागचा बारीक पाईप काढायचा आणि परत दांडी ओढायची. पाईपमधून पाणी उडालं म्हणजे नोझल तुंबलंय. बारीक सुई हलक्या हातानं फिरवायची, जोर लावला तर भोक मोठं होतं नि मग फवारा वाकडा जातो. त्यापेक्षा बाहेरच्या बाजूनं हवा मारलेली बरी, म्हणजे घाण आली त्याच वाटेनं परत जाते. लातूर-सोलापूरकडच्या पाहुण्यांच्या गाड्यांत बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार बसलेला असतो, तिथे कोमट पाण्यात व्हिनेगर घालून नोझल काढून भिजत ठेवलं की सुटतो. आमच्याकडे क्षार कमी पण शेवाळ नि माती जास्त.

पाईपमधूनही पाणी आलं नाही तर पाईप टाकीकडे बघत बघत मागे जायचं. बोनेटच्या बिजागरीपाशी तो दाबला जातो, दोन नोझलला जाणारा फाटा असतो तिथला जोड निसटतो, आणि पावसाळ्यात ऊब मिळते म्हणून उंदीर बोनेटमधे शिरतात नि रबर कुरतडतात. मधे एकाच दिशेनं पाणी सोडणारा छोटा व्हॉल्व असेल तर त्यावर बाण असतो, पाईप बदलताना तो उलटा बसला की पाणी येणारच नाही, मोटर कितीही नवी घाला. आणि काही गाड्यांत मोटरच्या तोंडाशी जाळी असते, टाकीच्या तळाचा गाळ तिथे अडकतो.

आवाजच येत नसेल तर आधी फ्यूज. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात तक्ता असतो. जेवढ्या अँपिअरचा होता तेवढाच घालायचा, जास्तीचा घातला तर फ्यूज उडायच्या ऐवजी वायर जळते. फ्यूज ठीक असेल तर मोटरचा कनेक्टर काढून बघा, आमच्या दमट हवेत पिना हिरव्या पडतात, साफ केल्या की कित्येकदा काम होतं. तरीही नाही, तर मेकॅनिककडून दांडी ओढलेली असताना त्या कनेक्टरवर १२ व्होल्ट येतात का ते मोजून घ्या. येत असतील तर मोटर गेली, बदला. येत नसतील तर वायर किंवा दांडीतला स्विच. हे मोजायला दोन मिनिटं पुरतात आणि न मोजता बंपर खोलू देऊ नका, कारण पार्टपेक्षा बंपर काढण्या-घालण्याचीच मजुरी जास्त लागू शकते.

रिकाम्या टाकीवर दांडी ओढत बसू नका, मोटर कोरडी फिरून जळते. कपड्याचा साबण नको, त्याचा थर काचेवर राहतो, वॉशरसाठीच मिळतं ते लिक्विड पाण्यात घाला. हिवाळ्यात हिमाचल-लडाखला गाडी नेणाऱ्यांनी तर साधं पाणी ठेवूच नये, गोठतं आणि टाकी-पाईप फुटू शकतात. आणि महिनोन् महिने तेच पाणी साठवून ठेवू नका, ब्रिटनमधे २०१० साली सरकारी आरोग्य खात्याच्या अभ्यासात वॉशरमधल्या नुसत्या पाण्याचा संबंध लिजनेअर नावाच्या न्यूमोनियाशी असू शकतो असं दिसलं होतं.

तुम्हाला विनंती एवढीच की यंदाच्या गणपतीच्या सूचनांमधे ब्रेक-टायरच्या ओळीत वॉशरही छापा. सर्व्हिस सेंटरवाल्यांनाही सांगणं आहे, तुमच्या कागदावर टाकी भरली अशी टिक असते, पण भरलेलं पाणी काचेवर येतं का हे गिऱ्हाइकासमोर दांडी ओढून दाखवा. आणि गणपतीच्या आधी हायवेवर गाड्या तपासायला उभे असतात त्या पोलीस नि आरटीओच्या लोकांनी लायसन्स-पीयूसी बघताना ड्रायव्हरला एकदा काचेवर पाणी मारायला सांगावं. नाही आलं तर दंड नका करू, पुढच्या गॅरेजला थांबून जा एवढं बजावून सोडा.

आपला,
एक नियमित वाचक, चिपळूण